चरईतले घर आणि पोचा पडलेले पातेले

प्रश्न : माझे बालपण ठाण्यात, चरईतल्या एका चाळीत पागडीच्या दोन खोल्यांत गेले. आता मी घोडबंदर रस्त्यावर बाविसाव्या मजल्यावर राहते. चाळ पुनर्विकासाला गेली असून दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. त्या घरावर मी कादंबरी लिहायला घेतली आहे. 40 पाने झाली. नायिका माहेरी परतते आणि गॅलरीत उभी राहून रडते. प्रत्यक्षात लग्न होऊन तिथून निघाले तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले होते. वडील तापट होते. त्यांनी आईवर भिरकावलेल्या, पोचा पडलेल्या पितळी पातेल्यात वहिनी आजही तांदूळ ठेवते. मी खोटे लिहिते आहे का? आणि नवे घर भावाला मिळणार असताना ते जुने घर माझे म्हणावे तरी कसे?

उत्तर : आपल्या पत्रातले पातेल्याचे वाक्य मी तीनदा वाचले. कादंबरीची पाने आपण पाठवलेली नाहीत, तरीही गॅलरीत रडणाऱ्या नायिकेपेक्षा ते पातेले अधिक खरे आहे, एवढे न वाचताही सांगता येते. जे आईच्या अंगावर फेकले गेले, ते भांडे त्याच घरात तांदळाने भरून ठेवलेले आहे आणि त्याच्या पोच्याविषयी बहुधा कुणीच बोलत नाही. त्या घराविषयी आपल्याला जे सांगायचे आहे आणि सांगता येत नाही, ते सगळे तिथे आहे.

आपण खोटे लिहीत नाही, अर्धे लिहीत आहात. नायिका रडते याला माझी हरकत नाही. तिला सुटकेचा आनंद कधी झालाच नव्हता, असे भासवण्याला आहे. सासरी पहिल्यांदा भांडी आपटल्याचा आवाज न ऐकता झोप लागली असेल, आणि त्याच आठवड्यात पहाटे, चाळीच्या नळाला पाणी आले असेल का, या विचाराने जागही आली असेल. या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात लिहा आणि त्यांच्यामध्ये ‘पण’ घालू नका. ‘पण’ आला की वाचक एका बाजूला झुकतो.

महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ 1985 साली रंगमंचावर आले. वडील गेल्यावर मुंबईहून सुधीर विदर्भातल्या वाड्यात येतो आणि तिथे अंगणात एक ट्रॅक्टर गंजत पडलेला असतो. वाड्याच्या ऱ्हासावर आणखी व्याख्यान द्यावे लागत नाही. चरईच्या खोलीत ट्रॅक्टर मावणार नाही, पातेले मावते.

घर ‘माझे’ म्हणण्याचा प्रश्न मात्र जरा वेगळा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूचा हक्क जातो, म्हणजे तिथे कोण राहिले हे कायदा पाहतो, कुणाला काय आठवते हे पाहत नाही. मुळात पागडीच्या त्या खोल्यांचे मालक आपले वडीलही नव्हते. ही गोष्ट कादंबरीत कुठे आली आहे का? मालकाचा माणूस भाडे न्यायला आला की घरभर गरजणाऱ्या वडिलांचा आवाज कसा होत असे, ते आठवून पाहा. नव्या घरातल्या वाट्याविषयी मनात काही असेल तर ते भावाशी किंवा वकिलाशी बोला. सातव्या प्रकरणात त्याला लोभी करून ठेवू नका. अशा हिशेबाचा वास वाचकाला लगेच येतो.

भावाला लिखाणाविषयी आधी जरूर सांगावे, परवानगी मात्र मागू नये. त्याची नोकरी, मुलांची संख्या, चाळीचे नाव बदला. आठवण आपली आहे.

खोल्या रिकाम्या होण्यापूर्वी एकदा जाऊन या, आणि फोटो काढत बसण्यापेक्षा मोजमापाची टेप सोबत न्या. मनातली खोली नेहमी मोठी असते. ती प्रत्यक्षात 10 बाय 12 निघाली, तर रात्री अंथरुणे कशी पडत, कुणाचे पाय कुणाच्या उशाशी येत आणि वडील चिडले की बाकीच्यांनी नेमके कुठे जायचे, हे आपोआप आठवेल. पातेले मात्र वहिनींकडे मागू नका. त्यांना त्यातून रोज तांदूळ काढायचे असतात.