सातवीतील मुलांचे भावनिक समायोजन मोजण्यासाठी कोणती चाचणी वापरावी?

एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी आपण हा प्रश्न विचारला आहे. मार्गदर्शकांनी सिन्हा आणि सिंह यांची समायोजन शोधिका (परिस्थितीशी कितपत जुळवून घेता येते हे मोजणारी प्रश्नावली) सुचवली असेल, तर ती नववी ते अकरावीसाठी आहे. सातवीला ती देऊ नये. माझ्या स्वतःच्या प्रबंधासाठी मी ती योग्य इयत्तेला, म्हणजे नववीला दिली होती आणि तरीही फसलो.

तेव्हा मी बीड जिल्ह्यातील एका शाळेत शिकवत होतो. शोधिकेत भावनिक, सामाजिक आणि शैक्षणिक क्षेत्रांचे मिळून 60 प्रश्न, उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’, आणि प्राप्तांक जितका अधिक तितके समायोजन कमी. (गुणपत्रिकेच्या सवयीमुळे हे उलटे वाचणारे मी पाहिले आहेत.) एका मुलाला भावनिक क्षेत्रात शून्य मिळाले, म्हणजे कागदावर वर्गातील सर्वांत सुस्थिर मुलगा तोच ठरला. त्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले होते, तो आजीजवळ राहत होता आणि पोट दुखते म्हणून आठवड्यातून दोनदा तरी प्रार्थना संपताच घरी जात होता. उत्तरपत्रिकेवर नाव आणि हजेरी क्रमांक लिहायला लावून मी, त्याचा वर्गशिक्षक, समोरच उभा होतो. अशा वेळी भीती किंवा रडू येण्याविषयी विचारल्यावर चौदा वर्षांचा मुलगा ‘हो’ लिहील कशाला?

माझ्या मार्गदर्शकांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “चाचणी प्रमाणित आहे, तुमचे निरीक्षण नाही.” मानसशास्त्रज्ञ थॉमस आकेनबाख आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये 119 अभ्यास एकत्र तपासले होते, मुलांचे स्वतःविषयीचे सांगणे आणि इतरांचे त्यांच्याविषयीचे सांगणे यांतील सरासरी सहसंबंध अवघा 0.22 निघाला (पूर्ण जुळले तर 1, काहीच संबंध नसेल तर 0), म्हणजे मुलाच्या उत्तरांवरून इतरांचे निरीक्षण खोटे ठरत नाही. हा आकडा तेव्हा माझ्याजवळ असता, तर मी गप्प बसलो नसतो.

आपण मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांची 25 विधानांची प्रश्नावली (Strengths and Difficulties Questionnaire, SDQ) पाहावी. ती पालक आणि शिक्षक भरतात, अकरा वर्षांपुढील मुले स्वतःही भरतात, आणि तिच्या भावनिक लक्षणांच्या पाच विधानांपैकी एक डोकेदुखी-पोटदुखीचेच आहे. अर्थात तीही प्राथमिक चाळणीच आहे, निदान नव्हे. शिवाय एका मुलावरून माझी शोधिका निकामी ठरत नाही, हेही मान्य. पालकांची लेखी संमती घ्यावी आणि मुलांची प्रश्नावली वर्गशिक्षकाला समोर उभे करून भरून घेऊ नये.

त्या मुलाविषयीचा परिच्छेद मला प्रबंधातून काढावा लागला. आपल्याला असा मुलगा आढळला, तर तो परिच्छेद निदान परिशिष्टात तरी ठेवावा.