तालुक्याच्या कॉलेजची पदवी आणि पीएच.डी.चा अर्ज

राज्यशास्त्रात एम.ए. करून पीएच.डी.च्या विचारात असलेले विद्यार्थी माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘‘माझी पदवी तालुक्याच्या कॉलेजची आहे, माझा अर्ज कोण वाचणार?’’ नागपुरात हे वाक्य गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली अशा सगळ्या बाजूंनी येते. त्यामागे गुण, इंग्रजी, गाईड आणि पैसा या चार वेगवेगळ्या चिंता एकमेकींत गुंतलेल्या असतात, आणि त्या सुट्या केल्याशिवाय उत्तर देता येत नाही. अशाच एका विद्यार्थिनीचा अनुभव तिच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे देत आहे.

ती गडचिरोली जिल्ह्यातील, ओबीसी शेतकरी कुटुंबातील. बी.ए. मराठी माध्यमातून तालुक्याच्या ठिकाणी झाले होते आणि एम.ए. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठातून, 58 टक्क्यांनी. शिकवण्या घेऊन ती नागपुरात राहत होती. भारतातील केंद्रीय विद्यापीठे आणि अमेरिका अशा दोन्हीकडे अर्ज करण्याची तिची इच्छा होती, मात्र 58 हा आकडा ती दर दोन वाक्यांनी उच्चारत होती.

म्हणून आधी तो आकडाच बाजूला केला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी पदव्युत्तर पदवीला 55 टक्के लागतात आणि नॉन-क्रीमिलेअर ओबीसी उमेदवारांना त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे. जून 2024 पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या निकालात जेआरएफ (संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती) आणि सहायक प्राध्यापकपद या दोन गटांच्या जोडीला ‘केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र’ असा तिसरा गटही असतो. जेआरएफ मिळालेल्यांचा प्रवेश मुलाखतीवर होतो, तर बाकीच्या दोन गटांसाठी नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भारांश असतो. या हिशेबात कॉलेजच्या नावाचा रकानाच नाही. मुलाखतीच्या तीस टक्क्यांत पूर्वग्रह कधीच शिरत नाहीत, असे मी म्हणणार नाही. परंतु उरलेले सत्तर टक्के आपल्या हातात असताना तीस टक्क्यांच्या भीतीने अर्जच न भरणे हे काही शहाणपणाचे नाही. तिची खरी अडचण दुसरीच होती. राज्यशास्त्राची नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते, आणि तिचे सारे वाचन मराठीत झालेले होते. या गोष्टीला वेळ द्यावा लागतो, आणि तो तिने दिला.

खरे काम पुढे होते. तिने प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून दोन पानांचा एसओपी, म्हणजे अर्जासोबत जोडायचे उद्देशपत्र, काढून दिला. सुरुवात होती, ‘लहानपणापासून मला राजकारणाची आवड आहे.’ त्यानंतर लोकशाही, महिला सक्षमीकरण, संघराज्य आणि आंतरराष्ट्रीय संबंध या सर्वांत रस असल्याचे लिहिले होते, आणि शेवटी प्रस्तावित विषय : ‘गडचिरोली जिल्ह्यातील आदिवासींचा राजकीय सहभाग : एक अभ्यास’. आपल्याकडच्या शेकडो सिनॉप्सिसच्या (संशोधन आराखड्यांच्या) शीर्षकात हे ‘एक अभ्यास’ शेपटासारखे लागलेले असते. त्यात चुकीचे काही नाही, पण प्रश्नही काही नाही. अर्ज वाचणाऱ्या प्राध्यापकाला या दोन पानांतून तिच्याविषयी एवढेच कळले असते की तिला पीएच.डी. हवी आहे.

मी तिला विचारले, की तिच्या भागातली अशी कोणती गोष्ट आहे जी तिने डोळ्यांनी पाहिली आहे, पण जिचे कारण तिला अजून सांगता येत नाही. बराच वेळ ती गप्प होती. मग तिने मोबाइलमध्ये एका वहीच्या पानांचे फोटो दाखवले. एम.ए.च्या काळात उन्हाळ्यात ती तेंदूपत्त्याच्या (विडीच्या पानांच्या) फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, हिशेब लिहीत असे. पानावर मजुराचे नाव, पुड्यांची संख्या, दर आणि सही-अंगठा असे रकाने होते. शेजारशेजारच्या दोन गावांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेले होते. एका गावाची ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करत होती आणि मजुरांच्या खात्यांत बोनसही जमा करत होती. दुसऱ्या गावात मात्र ग्रामसभेच्या नावाने ठराव व्हायचा, पण तो ठेकेदाराचा माणूस लिहून आणायचा. ‘‘कायदा एकच, जंगल एकच, लोकही बरेचसे एकमेकांचे सोयरे; मग असे का, मॅडम?’’ असे तिने विचारले, आणि तिचा विषय तिच्याच तोंडून आला.

तुलनात्मक राजकारण या उपशाखेत नेमके हेच विचारले जाते, की समान नियम असताना दोन ठिकाणचे परिणाम वेगळे का होतात. सामाईक साधनसंपत्तीचे व्यवस्थापन लोक स्वतः कसे करतात यावर आयुष्यभर संशोधन करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांची पीएच.डी. राज्यशास्त्रातलीच, आणि त्यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. गणिताची पुरेशी पार्श्वभूमी नाही म्हणून अर्थशास्त्राच्या पीएच.डी.ला त्यांना प्रवेश नाकारला गेला होता, हेही मी तिला मुद्दाम सांगितले. त्याचबरोबर, गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाची यशोगाथा पुन्हा लिहू नकोस, असे बजावले. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क आणि 2011 मध्ये बांबूचे वाहतूक परवाने मिळवणाऱ्या त्या गावावर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्या प्रश्नाची धार दुसऱ्या, न जमलेल्या गावात होती. पुढच्या मसुद्यात तिने संभाव्य कारणे मांडली : ठेकेदाराकडून घेतलेली उचल, गावातील पक्षीय गट, स्वयंसेवी संस्थेचा वावर, ग्रामसभेतील महिलांची उपस्थिती. यांतील कोणते कारण कसे तपासता येईल, हेही प्रत्येकापुढे एका वाक्यात लिहिले. लहानपणची आवड आपोआप गळून पडली.

प्रश्न किती पक्का हवा, हे अर्ज कोठे करायचा यावर ठरते, आणि विद्यार्थी येथे फार गोंधळतात. अमेरिकेत पहिली दोन वर्षे बहुतांशी अभ्यासक्रमाची असतात आणि प्रबंधाचा आराखडा नंतर ठरतो; त्यामुळे एसओपीमधला प्रश्न पुढे बदलला तरी चालतो, मात्र विचार करण्याची पद्धत त्यात दिसली पाहिजे. ब्रिटनमध्ये संशोधन आराखडा अर्जासोबतच द्यावा लागतो आणि मार्गदर्शक जुळणे महत्त्वाचे असते. आपल्याकडे मार्गदर्शकाकडे जागा रिकामी आहे का, हे आधी पाहावे लागते, कारण प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थ्यांचीच मर्यादा आहे. ‘गाईड घेत नाहीत’ ही तक्रार बऱ्याचदा अपमानाची नसून निव्वळ या संख्येची असते.

शिफारसपत्रांचा प्रश्न मात्र नाजूक निघाला. अमेरिकेतील विभाग सहसा तीन पत्रे मागतात आणि ती शिक्षकांनी स्वतः, ईमेलवर आलेल्या दुव्यावरून चढवायची असतात. तिचे सर प्रेमाने म्हणाले, ‘‘तूच लिहून आण, मी सही करतो.’’ हा प्रस्ताव आपल्याकडे इतका रुळलेला आहे की त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटतही नाही. मी तिला तसे करू दिले नाही. अप्रामाणिकपणाचा मुद्दा आहेच. शिवाय एकाच हाताने लिहिलेली तीन पत्रे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतात. त्याऐवजी तिने प्रत्येक शिक्षकासाठी एक पान तयार केले : कोणता पेपर, कोणते सेमिनार, लघुप्रबंधात काय केले, कोठे अडली आणि त्यावर सरांनी काय सुचवले. ते पान वाचून सरांना आठवत गेले, आणि ‘अभ्यासू, नम्र व शिस्तप्रिय’ या ठरावीक पत्राच्या जागी खरे पत्र तयार झाले. सरांचे ईमेल कॉलेजातील लिपिक पाहत असल्याने दुव्याची मुदत संपत आली होती, तेवढी धावपळ झाली.

पैशाबाबत थोडक्यात सांगते. जेआरएफ 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आहे. राज्य सरकारच्या संस्थांपैकी ओबीसी विद्यार्थ्यांनी नागपुरातील महाज्योतीच्या, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी बार्टीच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. केंद्राच्या अनुसूचित जातींसाठीच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीतून मात्र 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यासाचे विषय वगळले आहेत, हे राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने परदेशी अर्जाआधीच वाचलेले बरे. अमेरिकेत प्रवेशासोबत बहुधा फी माफी आणि विद्यावेतन मिळते. अर्जाचे शुल्क मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळे पडते, म्हणून शुल्कमाफीची सोय असल्यास ती मुदतीपूर्वी मागावी.

तिला अमेरिकेतून नकारच आले. एका ठिकाणी ती प्रतीक्षायादीत होती, आणि तेथील निवडलेले विद्यार्थी आपले उत्तर 15 एप्रिलपर्यंत कळवतात म्हणून तोपर्यंत तिने आशा धरली होती. जागा निघाली नाही. नेटमध्ये ती तिसऱ्या गटात पात्र ठरली. ही पात्रता एक वर्षच टिकते, त्यामुळे तिने त्याच हंगामात एका केंद्रीय विद्यापीठात मुलाखत दिली. तेथे कॉलेजचे नाव कोणी विचारले नाही; बहुतेक प्रश्न दुसऱ्या गावाविषयी होते, आणि मुलाखत घेणाऱ्यांपैकी दोघांना वहीचे फोटोही पाहायचे होते. प्रवेश मिळाला असून सध्या तिचे कोर्सवर्क सुरू आहे. मार्गदर्शकांच्या मते दोन गावे पुरेशी नाहीत, निदान चार घ्यावीत. यावर ती थोडी नाराज आहे, पण माझ्या मते मार्गदर्शकांचे म्हणणे बरोबर आहे.