लिपी येत नसताना लक्सरच्या भिंती कशा पाहाव्यात

आपला प्रश्न असा आहे की लक्सरला चार दिवसांचा मुक्काम आहे, प्राचीन इजिप्तची चित्रलिपी येत नाही, आणि तिथे जाऊन आलेले लोक सांगतात की दुसऱ्या दिवसापासून सगळी मंदिरे आणि सगळी थडगी सारखीच दिसू लागतात. मग पाहावे कसे? माझे उत्तर असे की भिंतीवर काय लिहिले आहे हे कळत नसले तरी ते कोणी कोरले, कसे कोरले आणि नंतर कोणी खोडले हे थोड्या तयारीने ओळखता येते. ते ओळखता येऊ लागले की दोन भिंती एकसारख्या वाटत नाहीत.

सर्वांत आधी लेखाची दिशा पाहावी. ही लिपी उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे आणि उभ्या ओळींत वरून खाली अशी लिहिली जात असे. माणसे, पक्षी आणि प्राणी यांची तोंडे ज्या बाजूला असतील त्या बाजूकडून वाचायला सुरुवात करायची, एवढा नियम लक्षात ठेवला तरी पुष्कळ उलगडते. देव आणि राजा समोरासमोर उभे असतात तेव्हा देवाच्या बाजूच्या मजकुरातील चिन्हे सहसा देव ज्या दिशेला पाहतो त्याच दिशेला पाहतात आणि राजाच्या बाजूची राजा पाहतो त्या दिशेला, त्यामुळे एक अक्षर न वाचताही कोणता मजकूर कोणाचा हे समजते. दाराच्या ललाटपट्टीवर मजकूर बहुधा मध्यावर सुरू होऊन दोन्ही बाजूंना पसरत जातो. तिथे हा नियम लगेच तपासून पाहता येईल.

त्यानंतर राजांची नावे. लंबगोल दोरीच्या कड्यात जे कोरलेले असते ते राजाचे नाव, आणि प्रत्येक राजाची अशी दोन कडी असतात. एकाच्या आधी एक रोपटे आणि मधमाशी दिसते, ते राज्यारोहणाच्या वेळी घेतलेले नाव. दुसऱ्याच्या आधी बदक आणि सूर्यबिंब, म्हणजे ‘रे या सूर्यदेवाचा पुत्र’, आणि कड्यात जन्मनाव. निघण्यापूर्वी दोन-तीन नावे वहीत काढून घ्यावीत. तिसऱ्या थुटमोसचे राज्यनाम तीन चिन्हांचे आहे: सूर्यबिंब, सोंगट्या मांडलेला पट आणि शेणकिडा. त्याचा उच्चार आपण मेन-खेपेर-रे असा करतो. सूर्यदेवाचे नाव वाचताना शेवटी येत असले तरी मान म्हणून लिहिताना आधी येते. राणी हात्शेप्सुतच्या मात-का-रे या नावात सूर्यबिंब, बसलेली मात देवी आणि वर उचललेले दोन हात असतात.

हे दुसरे नाव घेऊन देर अल-बहरीच्या मंदिरात जावे, कारण तिथे ते अनेक ठिकाणी सापडणारच नाही. हात्शेप्सुतने राजा म्हणून राज्य केले आणि हे मंदिर उभारले. तिच्या मृत्यूनंतर, तिसऱ्या थुटमोसच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात, तिची नावे आणि चित्रे छिन्नीने काढून टाकण्यात आली आणि कड्यांमध्ये इतर थुटमोसांची नावे बसवली गेली. परंतु आजूबाजूच्या मजकुरातील स्त्रीलिंगी प्रत्यय अनेक ठिकाणी तसेच राहिले. सप्टेंबर १८२२ मधल्या पत्रात या लिपीची उकल मांडणारा फ्रेंच अभ्यासक शाम्पोलियाँ १८२९ मध्ये येथे आला, तेव्हा दाढीधारी राजाच्या चित्राजवळ स्त्रीलिंगी रूपे पाहून तो चकित झाला होता. त्या राणीचा इतिहास पुढे ज्या धाग्यांवरून उलगडला, त्यांतला हा एक. एवढ्या कष्टाने पुसलेले सत्य व्याकरणाने जपून ठेवावे, याचे मला आजही अपार अप्रूप वाटते.

खोडण्याचा दुसरा मोठा अध्याय अखेनातेनचा, म्हणजे अमुनला बाजूला सारून सूर्यबिंबरूपी आतेन या एकाच देवाची उपासना लादणाऱ्या राजाचा. त्याच्या काळात अमुन देवाचे नाव आणि रूप ठिकठिकाणी ठोकून काढले गेले, आणि नंतरच्या राजांनी ते पुन्हा कोरले. पुन्हा कोरलेला भाग सभोवतालच्या पृष्ठभागापेक्षा किंचित खोल आणि खडबडीत असतो. लक्सरमधल्या कर्नाक मंदिरसमूहात अमुनच्या आकृतीभोवती असा खळगा शोधण्याचा प्रयत्न अवश्य करावा.

कर्नाकच्या १३४ खांबांच्या मंडपात बहुतेक लोक खांबांची उंची पाहून बाहेर पडतात. मधले १२ खांब सुमारे २१ मीटर उंच आहेत, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. पण तिथे उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या भिंती ताडून पाहाव्यात. उत्तरेचे काम पहिल्या सेतीचे आहे आणि ते उठावाचे आहे, म्हणजे आकृतीभोवतीचा दगड काढून आकृती वर ठेवलेली. दक्षिणेला त्याचा मुलगा दुसरा रामसेस याचे काम आहे आणि तिथे आकृती दगडाच्या आत खोल कापलेली दिसते. खोल कापलेली रेषा कडक उन्हात ठळक सावली धरते, म्हणून ती पद्धत बाहेरच्या भिंतींसाठी योग्य होती. रामसेसने ती आतही वापरली. त्यात वेग होता, टिकाऊपणाही होता, पण नाजूकपणा गेला, असे माझे स्पष्ट मत आहे. हे पटत नसेल तर एक दिवस काढून अबिदोसला जावे. तिथे सेतीच्या मंदिराच्या आतील दालनांतला उठाव इजिप्तमधील सर्वोत्तम कोरीव कामांत गणला जातो. तिथेच ७६ राजनामांची यादी कोरलेली आहे, आणि तीत हात्शेप्सुत, अखेनातेन व तुतनखामुन यांची नावे नाहीत.

राजांच्या खोऱ्यात थडग्यांची निवड करताना होरेमहेबचे ५७ क्रमांकाचे थडगे उघडे असल्यास ते सोडू नये. ते अपुरे राहिले आणि म्हणूनच अमूल्य आहे: तांबड्या रंगातले पहिले रेखाटन, त्यावर काळ्या रंगातल्या दुरुस्त्या आणि मग अर्धवट कोरलेला भाग, हे सर्व टप्पे तिथे पाहायला मिळतात. हे काम करणारे कारागीर देर अल-मदीना या वस्तीत राहत असत. तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी धान्याचे वेतन थकले म्हणून त्यांनी काम बंद ठेवल्याची नोंद पपायरसवर, म्हणजे त्या नावाच्या वनस्पतीपासून केलेल्या कागदावर, टिकून आहे. ती वस्तीही पाहावी.

सरदार आणि अधिकाऱ्यांच्या थडग्यांतले लेखन वेगळ्या स्वभावाचे असते. राजाच्या थडग्यातील ग्रंथ सूर्याच्या रात्रीच्या प्रवासाविषयी आहेत आणि ते जिवंत माणसाच्या नजरेसाठी नव्हते. उलट अधिकाऱ्याच्या थडग्याचा वरचा भाग येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी खुला असे. काही ठिकाणी मजकूर थेट वाटसरूला उद्देशून आहे: पृथ्वीवर जगणाऱ्यांनो, येथून जाताना माझ्यासाठी सहस्र भाकरी आणि सहस्र पात्रे बिअर असे म्हणा. सहस्र या संख्येसाठी कमळाच्या रोपाचे चिन्ह असते. अर्पणांच्या ओळीत ते सहज सापडते.

शेवटी व्यवहाराचे. उघड्यावरच्या भिंती सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर पाहाव्यात, कारण तिरप्या उन्हात खोडलेली अक्षरेही दिसतात. ऐन दुपारी भिंत सपाट वाटते. थडग्यांत फ्लॅश वापरू नये आणि भिंतीला हात लावू नये. श्वासाची आणि घामाची वाफ तिथल्या रंगांना खरोखर बाधते. राणी नेफेरतारीच्या थडग्यात आत थांबण्याचा वेळ म्हणूनच मर्यादित ठेवला गेला. चार दिवस असतील तर एका दिवसात दोनपेक्षा अधिक मोठी स्थळे घेऊ नयेत, आणि देर अल-बहरी कर्नाकच्या आधी पाहावे.