‘इन्सुलिन प्रतिकार’ की ‘इन्सुलिनरोध’?

एका वाचकाचा प्रश्न: ‘इन्सुलिन रेझिस्टन्स’साठी, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीरातल्या पेशी नीट प्रतिसाद देत नाहीत त्या अवस्थेसाठी, कुठे ‘इन्सुलिन प्रतिकार’ दिसतं, कुठे ‘प्रतिरोध’, कुठे ‘इन्सुलिनरोध’. रोगप्रतिकारशक्ती चांगली, मग हा प्रतिकार वाईट कसा? बरोबर शब्द कोणता?

माझं मत ‘इन्सुलिनरोध’ला. ‘प्रतिकार’ व्याकरणात बसतो, नाही असं नाही. रोगाचा प्रतिकार, तसा इन्सुलिनचा. पण ‘जनतेचा प्रतिकार’ म्हटलं की प्रतिकार करणारी जनताच असते, आणि मग इन्सुलिनच कुणाशी तरी झुंजतंय असं वाटू लागतं. दुसरी अडचण जास्त मोठी. टाइप १ मधुमेहात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर खरोखरच हल्ला चढवते. इन्सुलिन रेझिस्टन्स दिसतो तो मुख्यतः टाइप २ मध्ये. त्याचं वर्णन करतानाही ‘प्रतिकार’ वापरला, तर दोन वेगळ्या आजारांची गल्लत ठरलेलीच.

‘रोध’ आपल्याला शाळेपासून ओळखीचा आहे. वाहकाचा रोध वाढला की तेवढीच विद्युतधारा वाहायला जास्त विभवांतर लागतं. इथेही तसंच: तेवढीच साखर आटोक्यात ठेवायला जास्त इन्सुलिन लागतं. माझ्या मावशीच्या रिपोर्टात उपाशीपोटीची साखर ९६ होती, इन्सुलिन २४. “साखर तर नॉर्मल आहे, मग डॉक्टरांनी तोंड का वाकडं केलं?” हा तिचा सवाल. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून ४०५ ने भागला की हा रोध मोजणारा ‘होमा’ निर्देशांक येतो, तिचा ५.७ च्या आसपास, म्हणजे चांगलाच चढा. साखर नॉर्मल होती ती स्वादुपिंड दुप्पट राबत होतं म्हणून. ‘रोध’ कमीजास्त होतो, मोजता येतो. ‘प्रतिकार’ या शब्दात ते मापाचं अंग येत नाही.

१९३६ मध्ये लंडनचे डॉक्टर हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी मधुमेहींचे दोन गट पाडले, इन्सुलिनला संवेदनशील आणि असंवेदनशील. पण मराठीत ‘असंवेदनशील’ आता पुढाऱ्यांच्या वक्तव्यांसाठीच राखीव झालाय, बिचाऱ्या पेशींना तो नको.

बोलताना मात्र मी ‘रोध’ही वापरणार नाही. पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत, एवढंच म्हणेन. ‘दाद’ मूळ फारसी, अर्थ न्याय. म्हणून कोर्टात दाद मागतात. तिथून गाण्याला दाद देणं आलं आणि हे दाद न देणंही. यकृताचं वागणं तर याच शब्दांत नेमकं सांगता येतं. इन्सुलिन त्याला दोन हुकूम सोडतं: साखर सोडणं थांबव आणि चरबी तयार कर. रोध आला की यकृत पहिल्याला दाद देत नाही, दुसरा मात्र इमानेइतबारे पाळतं. म्हणून अशा माणसाच्या रक्तात साखरेबरोबर ट्रायग्लिसराइड ही चरबीही चढते आणि ‘चांगलं’ म्हणतात ते एचडीएल कोलेस्टेरॉल उतरतं. ‘रोध’ म्हटल्यावर सगळीच वाट अडल्यासारखी वाटते, हा त्या शब्दाचा दोष मला मान्य आहे.

‘प्रतिरोध’ चूक नाही, पण ‘प्रति’मुळे अर्थात काही भर पडत नाही. विशेषण हवं असेल तर ‘इन्सुलिनरोधी पेशी’ लिहा. ‘इन्सुलिनरोधक’ लिहिलंत तर ‘गर्भनिरोधक’च्या चालीवर कुणीतरी मेडिकलमध्ये जाऊन त्या गोळ्या मागायचा.