वर्ग संपले की स्त्री आपोआप मुक्त होईल?

प्रश्न : मार्क्सवादी स्त्रीवादी विचारात स्त्रीच्या दडपणुकीचे मूळ वर्गव्यवस्थेत मानले जाते. मग श्रीमंत घरातील स्त्रीलाही दुय्यम स्थान का मिळते? आणि वर्ग नष्ट झाल्यावर स्त्री आपोआप मुक्त होईल, असे समजावे काय?

उत्तर : आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर मार्क्स यांचे सहकारी फ्रेडरिक एंगल्स यांच्याच विवेचनात सापडते. कुटुंब, खासगी मालमत्ता आणि राज्यसंस्था यांच्या उगमावरील १८८४ सालच्या ग्रंथात त्यांनी असे मांडले की, गुरांच्या कळपांसारखी वरकड संपत्ती पुरुषांच्या हाती आली आणि ती आपल्याच मुलांकडे जावी, यासाठी आईकडून चालणारी वंशपरंपरा मोडून पत्नीवर एकनिष्ठेचे बंधन लादले गेले. म्हणजे मालमत्ताधारी घरात स्त्रीचे दुय्यमत्व त्या मालमत्तेमुळेच येते. मात्र ज्या कामगार कुटुंबाजवळ वारशाने देण्यासारखे काही नाही, तेथे पुरुषी वर्चस्वाचा पायाच उरत नाही, हे त्यांचे अनुमान मला पटत नाही. कारखान्यातून दमून आलेल्या स्त्रीलाच तेथेही स्वयंपाक करावा लागतो.

या घरकामाचे स्थान काय, हाच पुढील वादाचा गाभा आहे. मजुरीतून कामगाराचा निर्वाह होतो, असे मार्क्स सांगतात. परंतु त्या मजुरीचे शिजलेले अन्न आणि उद्या पुन्हा कामावर जाण्याजोगे शरीर कोणाच्या श्रमांतून तयार होते, हा प्रश्न त्यांच्या मांडणीत मागेच राहतो. मारियारोझा दाल्ला कोस्ता आणि सेल्मा जेम्स या स्त्रीवादी लेखिकांनी १९७२ मध्ये ठामपणे म्हटले की, घरातील स्त्री श्रमशक्ती, म्हणजे कामगाराची काम करण्याची क्षमता, निर्माण करते आणि त्यावरच भांडवल पोसले जाते. हे श्रम अपरिहार्य असले तरी बाजारात विनिमयाला येत नसल्याने मूल्य निर्माण करत नाहीत, अशी भूमिका मार्क्सवादी स्त्रीवादी अभ्यासक लीझ व्होगेल यांनी १९८३ मध्ये घेतली. मला स्त्रीवादी अर्थतज्ज्ञ हायडी हार्टमन यांचा आक्षेप अधिक वजनदार वाटतो : बिनपगारी घरकामाचा लाभ भांडवलदाराप्रमाणेच कामगार पतीलाही मिळतो, म्हणून तो लाभ सोडण्याची निकड त्याला स्वतःहून वाटत नाही.

यामुळेच दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर नकारार्थी आहे. सोव्हिएत सत्तेने १९१९ मध्ये कम्युनिस्ट पक्षात स्वतंत्र महिला विभाग स्थापन केला. अलेक्सांद्रा कोलोंताय यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी सार्वजनिक भोजनालये आणि पाळणाघरे यांचा आग्रह धरला. तेथे वर्ग खरोखर संपले होते काय, हा वाद बाजूला ठेवला तरी उत्पादनाची साधने राज्याच्या मालकीची होत असतानाच, १९३० मध्ये तो विभाग बंद करण्यात आला आणि १९३६ मध्ये गर्भपातावर पुन्हा बंदी आली.