चर्चमधल्या भावाच्या कर्जाला जामीन राहायचं का?

जय ख्रिस्त. तुझा प्रश्न दोनदा वाचला. चर्चमधला एक भाऊ पतसंस्थेतून तीन लाख काढतोय, जामीनदार म्हणून तुझी सही हवीये, बायको नको म्हणतेय आणि तुला वाटतंय सही नाही केली तर आपण कसले ख्रिस्ती. सरळ सांगतो, करू नकोस.

बायबलमधल्या नीतिसूत्रांचा सहावा अध्याय काढ, मुंगी आणि आळशी माणूस आपण सगळ्यांनी संडे स्कूलमध्ये पाठ केलंय, पण त्याच्या बरोब्बर वरच्या पाच ओळी कुणी शिकवत नाही. त्यात जामीन राहून अडकलास तर डोळ्याला डोळा लावू नको, आत्ताच्या आत्ता जा, त्या शेजाऱ्याची मनधरणी कर आणि हरणासारखा सुटून ये, असंच आहे. बाविसाव्यात तर फेडायला काही नसेल तर अंगाखालचं अंथरूण कशाला ओढून न्यायला लावतोस असं विचारलंय. इतकं रोखठोक.

मी केली होती सही. शाळेत शिक्षक होतो, नोकरीला सात-आठ वर्षं झालेली. रविवारी उपासना सुटल्यावर पायरीवरच त्याने फॉर्म काढला, खाली टेकायला गायनाचं पुस्तक, आणि सहीच्या जागी पेन्सिलने फुल्या आधीच मारून आणलेल्या. रक्कम किती हेही विचारलं नाही मी, बरं दिसत नाही म्हणून! दीड वर्षाने पगाराच्या स्लिपवर कपातीच्या रकान्यात एक नवीनच आकडा. तोवर तो उपासनेला यायचाही बंद झाला होता, म्हणजे पैसे गेले ते गेले, भाऊही गेला.

लोकांना वाटतं संस्था आधी कर्जदाराला धरेल, अगदीच नाही जमलं तर आपल्याकडे येईल. तसं नसतं रे. 1872 च्या करार कायद्याचं कलम 128 सांगतं की करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, त्यामुळे जो सापडायला सोपा, ज्याचा पगार चालू, त्याच्याकडेच आधी येतात. महाराष्ट्राच्या सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला काढतात त्यातही जामीनदारांची नावं असतात.

आता कुणीतरी प्रेषित पौलाचं उदाहरण काढेलच. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात त्याच्या दासाबद्दल, अनेसिमाबद्दल, पौल लिहितो की त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, मी पौल माझ्या हाताने लिहितोय, मी फेडीन. पण नीट बघ, अनेसिम फेडेलच, माझी नुसती सही, असं नाही म्हणत तो. मी फेडीन म्हणतोय. तू हेच करून बघ, पुढच्या महिन्यात ते तीन लाख तुझ्याकडून मागितले तर पोरांची फी आणि घराचा हप्ता भागवून, कपाळाला आठी न घालता देशील का? देणार असशील तर खुशाल कर सही. नाहीतर तू बायकोपोरांच्या खिशावर उदार होतोयस.

नाही म्हणायचं ते याच आठवड्यात, तोंडावर म्हण. "प्रार्थना करून कळवतो" हे आपल्याकडचं नाही म्हणायचं गोड नाव आहे, मीही लई वापरलंय, पण होय तर होय आणि नाही तर नाही बोला हे येशूनेच सांगितलंय ना.

आणि रिकाम्या हाताने जाऊ नको. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातला माणूस उपाशी भावाला सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा म्हणतो आणि देत काहीच नाही, तसं नको. दहा-वीस हजार जे परत नाही आले तरी चालतील ते दे आणि विसर, वहीत मांडू नको. कर्ज कशासाठी काढतोय ते मात्र विचार. दवाखान्यासाठी असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का बघा, ट्रस्टच्या हॉस्पिटलात 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी राखीव असतात, रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकाच्या टेबलापुढे त्याच्यासोबत अर्धा दिवस बसायला तू जा. तो एकटा गेला तर उद्या या म्हणतील.

त्याच्याशी बोलायला जाशील तेव्हा बायकोला सोबत ने. आमच्याकडे मी हिला काही सांगितलंच नव्हतं, ती स्लिप तिच्याच हाताला आधी लागली.