पर्ल हार्बरची फिल्म तपासताना
पर्ल हार्बरच्या, म्हणजे हवाईतल्या अमेरिकी नौदल तळावरच्या जपानी हल्ल्याच्या, चित्रफिती जमवायला लागलायस ना, मग आधी आवाज बंद कर. ७ डिसेंबर १९४१ ला 'ॲरिझोना' या अमेरिकी युद्धनौकेचा स्फोट टिपणारी ती प्रसिद्ध रंगीत फिल्म मूकच आहे. 'सोलेस' या रुग्णालय-जहाजावरून घेतलेली, जेमतेम काही सेकंदांची. धडामधुडूम सगळं मागाहून चिकटवलेलं.

मग कॅमेरा कुठे उभा आहे ते बघ. बॉम्ब पडतायत आणि तोफेवरच्या खलाशाचा चेहरा जवळून, छान उजेडात दिसतोय? पाणी मुरतंय. जॉन फोर्ड आणि ग्रेग टोलंड या दिग्दर्शकांच्या 'डिसेंबर सेव्हन्थ' या चित्रपटातली (१९४३) बरीच दृश्यं नंतर घडवून आणलेली होती, आणि ती खरी म्हणून बिनदिक्कत खपवली जातात.

विमानांकडेही बघ. जपानी 'व्हॅल' (दोस्तांनी ठेवलेलं सांकेतिक नाव) या बॉम्बफेक्या विमानाची चाकं उडतानाही कायम बाहेरच असायची; ती आत घेतलेली दिसली, तर ते 'व्हॅल' नव्हे.